चार नंबरची डिश

दादाच्या दुकानातली खुर्ची तीनदा बुटकी झाली. पहिल्यांदा त्याने दांडा दाबून ती जितकी खाली जाते तितकी घेतली. दोन वर्षांनी सुताराला बोलावून तिच्याखालचा लाकडी चौथरा काढून टाकला. तिसऱ्यांदा खुर्चीच गेली आणि तिच्या जागी पाठ टेकायची सोय असलेलं एक ठेंगणं स्टूल आलं. गिऱ्हाइकांचे गुडघे छातीला लागायला लागले. पण केस कापण्यात दादाचा हात धरणारा त्या रस्त्यावर दुसरा कुणी नव्हता, त्यामुळे लोक मुकाट्याने अंग चोरून बसायचे आणि वर विचारायचे, आता पुढच्या वर्षी काय, चटई का? दादा म्हणायचा, पुढच्या वर्षी खड्डा खणतो, तुम्ही आत उतरा.

कारण एवढंच, की दादाचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. कोपरापासून पुढे ते अजून झकास चालायचे. कात्री अशी फिरायची की ऐकत बसावं. पण हात उचलायला गेला की पाठीवरचं खांद्याचं पातं जागा सोडून बाहेर यायचं आणि हात अर्ध्यातच अडायचा. त्याचीही त्याने थट्टा करून ठेवली होती. कुणी बंदूक रोखून हात वर कर म्हणाला, तर मी उगाचच मरेन, म्हणायचा.

हा आजार आईकडून आला होता. आई झोपली तरी तिचे डोळे अर्धवट उघडे राहायचे. लहानपणी ही दोघं भावंडं दुपारी पावलं न वाजवता फळीवरच्या डब्यापर्यंत जायची, आईचे ते डोळे बघायची आणि हात हलवत परत यायची. आईला झोपेतही सगळं दिसतं, अशी त्यांची खात्रीच होती. पापण्या मिटायलाही स्नायू लागतात आणि आईचे ते स्नायू कधीच गेलेत, हे पुढे मोठेपणी कळलं. डॉक्टरांनी सांगितलं की प्रत्येक मुलाला हा आजार येण्याची शक्यता निम्मी. दादाला आला. ठकूला नाही.

ठकू म्हणजे त्याची धाकटी बहीण. तिला खरं नावही होतं, ते कागदोपत्री. घरात ती चव्वेचाळिसाव्या वर्षीही ठकूच होती. एकटी राहायची आणि याच आजारावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायची. यात योगायोग वगैरे काही नव्हता. बारा वर्षांपूर्वी तिने बरी चाललेली नोकरी सोडून मुद्दाम तिथं अर्ज केला होता आणि त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला जे चुकलं ते दादाच्या वाट्याला आलं, याचं ओझं ती मनात घेऊन फिरायची. दादाने असलं काही कधी तोंडातून काढलं नव्हतं. पण ओझं वाटायला कुणी काही तोंडातून काढावं लागत नाही.

तिचं काम म्हणजे पेशी सांभाळणं. आपल्या स्नायूच्या एकेका धाग्याला चिकटून काही पेशी निजून असतात. स्नायू दुखावला की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवा धागा तयार करतात. या मूळपेशी. दादाच्या आजारात नुकसान इतकं सततचं असतं की ही दुरुस्ती त्याला पुरी पडत नाही, आणि शेवटी दुरुस्ती करणाऱ्याच थकून जातात. प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडम एका औषधाच्या मागे होत्या. या थकलेल्या पेशींना ते पुन्हा कामाला लावेल, असा त्यांचा कयास होता.

त्यासाठी सात रुग्णांनी आपल्या दंडाच्या स्नायूचा वाटाण्याएवढा तुकडा दिला. तुकड्यावर नाव नाही, फक्त नंबर. प्रत्येक नंबरच्या दोन डिश. एकीत औषध, तिच्या झाकणावर निळा ठिपका. दुसरी साधी, तुलनेसाठी. चौदाही डिश शरीराइतकी ऊब असलेल्या कपाटात ठेवायच्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार पेशींना पोसणारा जुना द्रव खुराक शोषून घ्यायचा आणि नवा घालायचा; निळ्या ठिपक्याच्या डिशमध्ये खुराकाबरोबर औषधाचे थेंब. सगळ्यांना सारखं, एका वेळी, एका हाताने. मॅडम याबाबतीत भलत्याच कडक होत्या. आणि आपल्या नात्यातल्या कुणाचा नमुना असेल तर त्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. तसं लिहून द्यावं लागायचं. ठकूने खोटंच लिहून दिलं. नातेवाईक नाही, खाली सही.

कारण चार नंबर दादाचा होता. तिनेच त्याला मागे लागून तुकडा द्यायला लावलं होतं. त्याच्या दंडातला तुकडा काढला त्या दिवशी प्रयोगशाळेत एकच डबी आली, चार नंबरची, आणि ती ठकूनेच उघडली. दुसऱ्या कुणाच्या हातात ती द्यायची, हे तिला सहनच झालं नसतं. आपल्याइतकी काळजी कोण घेणार, असं तिला वाटलं. ते खरंही होतं आणि तिथंच घोळ झाला.

पहिले दोन आठवडे ती नियमाने वागली. मग एका मंगळवारी तिने कपाट उघडलं, दुसऱ्याच कामासाठी, आणि चार नंबरची निळ्या ठिपक्याची डिश सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी विरळ होत्या, काही गोल होऊन मेलेल्या, वर तरंगत होत्या. बाकीच्यांच्याही तशाच होत्या, पण बाकीच्यांच्या तिने पाहिल्या नाहीत. तिने मेलेल्या शोषून घेतल्या, ताजा खुराक घातला, थेंब घातले. दुसऱ्या दिवशी पेशी जरा टवटवीत वाटल्या. मग गुरुवारीही घातला. मग शनिवारी.

साध्या डिशकडे मात्र तिच्याने बघवेना. साधी डिश म्हणजे औषध न मिळालेला दादा. तिला ती सोम-बुध-शुक्र उरकून टाकायची, डोळे दुसरीकडे लावून. अशा रीतीने एकाच माणसाच्या दोन डिशमध्ये एक लाडकी आणि एक नावडती झाली. बारा वर्षं हे काम केलेल्या बाईला याचा अर्थ कळत नव्हता असं नाही. कळत होता. ती स्वतःला सांगायची की एवढ्याने काय होतंय, आणि वहीत सगळ्यांपुढे सोम-बुध-शुक्र लिहायची.

रविवार तेवढा अडचणीचा होता. रविवार दादाचा असायचा. जगाची डोकी धुणाऱ्या दादाचे हात स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नव्हते. इतर दिवशी वहिनी त्याचे केस धुवायची, रविवारी ठकू. न्हाणीघरात त्याला पाटावर बसवायचं, डोक्यावर पाणी ओतायचं आणि आठवडाभराच्या गप्पा मारायच्या. वहिनी बाहेरून ओरडायची की पाणी संपलं तरी तुमचं संपत नाही. प्रयोगशाळा शहराच्या एका टोकाला, दादाचं घर दुसऱ्या. सुरुवातीला ठकूने दोन्ही साधायचा प्रयत्न केला. सकाळी डिश, दुपारी दादा. मग दादाकडे संध्याकाळ व्हायला लागली. मग नुसता फोन. काम फार आहे, महत्त्वाचं आहे, नंतर सांगेन, असं ती म्हणायची. दादा म्हणायचा, मोठी माणसं तुम्ही, आम्ही आपले न्हावी.

दहा आठवड्यांनी मॅडमनी चौदा डिश एकापुढे एक मांडून पाहिल्या. सहा नंबरांत औषधाच्या आणि साध्या डिशमध्ये फरक असा नव्हताच. चार नंबरच्या साध्या डिशमध्ये चार-दोन तुटके धागे होते आणि निळ्या ठिपक्याच्या डिशमध्ये लांबच लांब, एकमेकांना बिलगलेले धागे. त्यातला एक मध्येच आखडला, सैल झाला, पुन्हा आखडला. स्नायू जसा हलतो तसा. मॅडम कधी भारावून जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या सूक्ष्मदर्शकावरून उठल्याच नाहीत. निदान काही रुग्णांना हे औषध लागू पडतंय, असं त्या बोलून गेल्या. चार नंबर कोण आहे देव जाणे, पण त्याला आधी घेऊ. मग जाता जाता म्हणाल्या, माणसांवर चाचणी सुरू होईल तेव्हा खांद्याचं ऑपरेशन झालेला रुग्ण मात्र चालणार नाही, हाताची ताकद मोजता येत नाही.

दादाच्या ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांवर आली होती.

त्या ऑपरेशनची गोष्ट अशी. हाडांच्या डॉक्टरांनी दादाला पाठमोरा उभा केला होता, ते सुटलेलं खांद्याचं पातं आपल्या तळहाताने बरगड्यांवर घट्ट दाबून धरलं होतं आणि म्हणाले होते, आता उचला. दादाचा हात वर गेला. खांद्याच्या वर, कानापर्यंत. तो कानाला हात लावून उभाच राहिला आणि वहिनी रडायला लागली. डॉक्टर म्हणाले, मी आत्ता हाताने धरलंय ते तारांनी कायमचं बांधून टाकीन. आजार जाणार नाही, पण कात्री उंच धरता येईल. मात्र दंडाच्या वरच्या स्नायूत जोर आहे तोवरच. तो गेला की पातं बांधूनही काही उपयोग नाही.

ठकू त्या रविवारी दादाकडे गेली. एक नियम मोडलाच होता, मग दुसरा मोडायला काय, म्हणून तिने प्रयोगाचं सांगून टाकलं; जादा खुराकाचं तेवढं नाही. चार नंबर तू आहेस. तुझ्या पेशी वाढतायत. धागा हलला, दादा, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. आणि ऑपरेशन केलंस तर तुला चाचणीत घेणार नाहीत.

चेहऱ्याचे स्नायूही गेलेले असल्यामुळे दादाच्या तोंडाकडे बघून काही समजायचं नाही. अनोळखी माणसांना तो कायम रागावलेला वाटायचा. मग तो म्हणाला, "यातलं मला काय कळतंय? तू सांग. ऑपरेशन करू की थांबू?"

वहिनी हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली.

"थांब," ठकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादाने तारीख रद्द केली. त्याने ना कुणाचा दुसरा सल्ला घेतला, ना पुन्हा विचारलं. बहीण थांब म्हणाली, विषय संपला.

एवढ्यावर संशोधन पुढे सरकत नसतं. मॅडमनी प्रयोग पुन्हा करायला लावला, जास्त दिवसांचा. ठकूने तो पुन्हा केला आणि पुन्हा तसाच केला. आता तर तिला मागे फिरायला वाटच नव्हती. निळ्या ठिपक्याच्या डिशला रोज खुराक, सुट्टीच्या दिवशीही, तापानं फणफणत असतानाही. कपाट उघडून ती हळूच म्हणायची, कसा आहेस? डिश हातात घ्यायची तेव्हा तिला खरोखरच वाटायचं की आपण दादाला बघतो आहोत, आणि तो बरा दिसतोय. दादाचा फोन आला की ती सांगायची, छान चाललंय, थोडा धीर धर. दादा म्हणायचा, धीरच धरून बसलोय, दुसरं काही आता धरवत नाही. ती हसायची आणि फोन ठेवायची. वर्ष असंच गेलं.

मग मॅडमनी चार नंबरच्या गोठवलेल्या पेशींच्या कुप्या आणि औषध दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या. तिथल्या लोकांचा चार नंबर कुणीच लागत नव्हता. त्यांनी दोन्ही डिशना सोम-बुध-शुक्र खुराक घातला आणि तीन महिन्यांनी कळवलं की फरक नाही. मॅडमचा विश्वास बसेना. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा फरक नाही.

त्यानंतरचे दोन आठवडे मॅडम चूक शोधत होत्या. खुराकाच्या बाटल्या, पाणी, कपाटाची ऊब, औषध पाठवताना वाटेत तापलं का, सगळं उलथंपालथं केलं. तिकडच्या लोकांशी फोनवर तंडल्या. स्वतःचे जुने आकडे पुन्हा पुन्हा तपासले. सगळं तपासलं, फक्त ठकूला काही विचारलं नाही, कारण ठकूचं काम म्हणजे डोळे मिटून विश्वास ठेवावा असं. ते ठकूला सोसवेना. पंधराव्या दिवशी सकाळी ती मॅडमच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही उघडली आणि सोम-बुध-शुक्रच्या नोंदींवरून बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "चार नंबर तुमचा कोण?"

"भाऊ."

मॅडमनी वही मिटली. "बाकीच्या सहांनाही बहिणी असतील हो," त्या म्हणाल्या.

ठकूला ते वर्मी लागलं. त्या सहांच्या पेशी तिने वर्षभर सांभाळल्या होत्या आणि त्या कुणाच्या असतील हा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता. मॅडमनी तिला पेशींच्या खोलीत यापुढे जायचं नाही असं सांगितलं आणि पुढचं वरिष्ठांना विचारून ठरवू म्हणाल्या. औषधाबद्दल काही बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

रविवारी ती दादाकडे गेली. वाटेत तिने मनाशी सगळं जुळवलं होतं. आधी चूक सांगायची, लपवाछपवी करायची नाही. मग लगेच ऑपरेशनचं काढायचं. तारीख पुन्हा मिळेल, सगळी धावपळ आपण करायची, त्याच्याजवळ राहायला यायचं. एक औषध गेलं, पण हात तर वर जाईल. एवढं एक खरं आपल्या हातात आहे, असं म्हणत ती जिना चढली.

दार वहिनीने उघडलं आणि ती बाजूला झाली. दादा खिडकीपाशी बसला होता. त्याच्या डोक्यावर केस नव्हते. धुवायची कटकटच नको म्हणून मशीन फिरवून पार गोटा केला होता, आणि त्यामुळे तो एकदम आईसारखा दिसत होता, शेवटच्या दिवसांतल्या. दुकान त्याने शेजारच्या दुकानदाराला चालवायला देऊन टाकलं होतं, दोन महिने झाले. ठकूला हेही माहीत नव्हतं.

ती त्याच्यासमोर बसली आणि तिने सांगितलं. रोजचा खुराक, साधी डिश, वहीतल्या खोट्या नोंदी, सगळं. औषध कुणालाच लागू पडत नाही, दादा, तुलाही नाही. ते माझं खायला घालणं होतं. दादा ऐकत होता. मध्ये एकदा त्याने विचारलं, म्हणजे तो धागा हलला तो? ती म्हणाली, हलला खरा, पण औषधामुळे नाही. त्याने मान डोलावली.

मग ती ऑपरेशनचं बोलायला लागली. डॉक्टरांकडे उद्याच जाते, तारीख घेते, फार तर महिना लागेल. ती भराभर बोलत होती आणि दारातली वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. दादाने तिला बोलू दिलं. ती थांबली तेव्हा तो म्हणाला, "मागच्या महिन्यात जाऊन आलो आम्ही."

डॉक्टरांनी पुन्हा त्याला पाठमोरा उभा केला होता. पातं पुन्हा तळहाताने दाबून धरलं होतं. आता उचला, म्हणाले होते. हात हलला नाही. त्यांनी तीनदा करून पाहिलं, दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही धरून पाहिलं. मग शर्टाची बटणं लावायला त्यांनी स्वतः मदत केली. ठरल्या तारखेलाच आला असता तर, एवढंच म्हणाले. हे सगळं दादाने एखाद्या गिऱ्हाइकाची हकीगत सांगावी तसं सांगितलं.

"मला सांगितलं का नाहीस?" ठकूने विचारलं.

"फोनवर सांगण्यासारखं होतं का ते? म्हटलं, येशील तेव्हा सांगू. औषध आहेच की, म्हटलं."

ठकू रडायला लागली. बारा वर्षांचं, आईच्या वेळचं, सगळंच. तिने त्याचे दोन्ही हात धरले. ते मांडीवर तसेच पडून होते, बोटं अजून तेवढीच निमुळती. "मी तुझ्यासाठीच करत होते रे," ती म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही. तुला उपाशी ठेवलं नाही. रविवारीसुद्धा प्रयोगशाळेत जात होते, तुझ्याकडे म्हणूनच जात होते मी."

दादाने तिला रडू दिलं. तिचे डोळे पुसायला त्याचा हात तिथवर पोचत नव्हता, आणि त्याने तसा प्रयत्नही केला नाही.

"मी इथं होतो गं, ठकू," तो म्हणाला. "सगळे रविवार मी इथंच होतो."